संकटकाळी मुखी असलेले गीत



शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशूने काय काय केले, असे धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारले की मुलांची उत्तरे पटापट येतात. शिष्यांचे पाय धुतले. भाकर मोडून दिली. द्राक्षारसाचा प्याला दिला. गेथशेमनी बागेत जाऊन प्रार्थना केली. एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. मुले नाहीत आणि त्यांचे आईवडीलही नाहीत. संत मत्तय आणि संत मार्क या दोघांनीही ती आपापल्या शुभवर्तमानात एकेका वाक्यात नोंदवून ठेवली आहे. भोजन आटोपल्यावर सर्वांनी मिळून स्तोत्रगीत गायिले आणि मग ते जैतुनाच्या डोंगराकडे निघाले.

म्हणजे आपला प्रभू गायला. बाहेर यहूदाने सौदा केलेला होता, पकडायला येणारे लोक मशाली घेऊन निघण्याच्या बेतात होते, थोड्याच वेळात प्रभूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडणार होता. आणि अशा वेळी तो आपल्या अकरा मित्रांबरोबर गायला. वल्हांडण सणाच्या भोजनाला यहुदी लोक स्तोत्रसंहितेतील ११३ ते ११८ क्रमांकाची स्तोत्रे गात असत. त्या रात्री त्यांपैकीच स्तोत्रे गायिली गेली असावीत, असे पवित्र शास्त्राचे अभ्यासक मानतात. घरी गेल्यावर ही सहा स्तोत्रे एकदा सलग वाचून पाहा. मरणाच्या पाशांनी वेढलेल्या माणसाची हाक त्यांत आहे. बांधणाऱ्यांनी नापसंत केलेल्या दगडाची गोष्ट त्यांत आहे. हे सारे आपल्याविषयी आहे हे ज्याला ठाऊक होते, त्याने ते सुरात म्हटले.

दुसऱ्या दिवशी क्रूसावर त्याच्या तोंडून जो आक्रोश निघाला, तो २२ व्या स्तोत्राचा आरंभ आहे. प्राण सोडताना संत लूकने नोंदवलेले त्याचे शब्द ३१ व्या स्तोत्रातले आहेत. त्या क्षणी त्याच्यासमोर शास्त्राची गुंडाळी कोणी धरली नव्हती, आणि त्याचे हात तर खिळलेले होते. नाझरेथच्या घरात आणि सभास्थानात लहानपणी जे त्याच्या ओठांवर बसले होते, तेच कालवारीवर त्याच्या उपयोगी पडले. ते पहिले शब्द त्याला कोणी शिकवले असतील, हे वेगळे सांगायला नको. क्रूसाखाली उभ्या असलेल्या पवित्र मरियेने ते शब्द ऐकले, तेव्हा तिला ते ओळखीचे वाटले असणार.

भक्तिसंगीताविषयी आपण बोलतो, तेव्हा बहुधा सणाच्या मिस्सेविषयी बोलतो. नाताळला कॉयर कशी झाली, कीबोर्ड कोणी वाजवला, नवी चाल जमली की नाही. ते सारे आपल्या जागी चांगलेच आहे. पण गीताची खरी परीक्षा सणाला होत नाही. ती होते दवाखान्याच्या खाटेवर, कर्जाच्या नोटिशीपुढे, मयताच्या घरी. तेथे हातात पुस्तक नसते आणि असले तरी डोळ्यांतल्या पाण्याने अक्षर दिसत नाही. तेथे उपयोगी पडते ते फक्त मुखी असलेले गीत.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातील प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे. फिलिप्पै नगरात संत पौल आणि सीला यांना उघडे करून छड्यांनी मारले, आतल्या कोठडीत टाकले आणि त्यांचे पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते दोघे देवाची स्तुतिगीते गात होते. मग भूकंप झाला, दारे उघडली, बेड्या गळून पडल्या. हा प्रसंग सांगताना आपण भूकंपाकडे इतके धावतो की मधले एक छोटे वाक्य हातून निसटते. संत लूक लिहितो की बाकीचे कैदी ऐकत होते. ते गाणे भूकंपाच्या अपेक्षेने चाललेले नव्हते. दारे उघडण्याचे चिन्हही नसताना ते चालले होते, आणि दारे उघडण्यापूर्वीच त्याने एक काम केले होते. त्या अंधारकोठडीत पहिल्यांदाच शिव्या आणि कण्हणे यांहून वेगळे काही तरी ऐकू आले होते.

भूकंप झाला नाही तर? तर काय होते, तेही ख्रिस्तसभेने पाहिले आहे. १९४१ साली ऑशविट्झच्या छळछावणीत संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी एका बापमाणसाच्या जागी स्वतः मरण पत्करले. त्यांना आणि इतर नऊ जणांना उपाशी मारण्यासाठी तळघरातल्या कोठडीत कोंडले गेले. तेथे दुभाष्याचे काम करणाऱ्या कैद्याने पुढे साक्ष दिली की त्या कोठडीतून प्रार्थना आणि भक्तिगीते ऐकू येत, आणि शेजारच्या कोठड्यांतले कैदीही त्यांत आपला आवाज मिसळत. दोन आठवड्यांनंतर जे चार जण जिवंत उरले होते, त्यांना १४ ऑगस्टला विषारी इंजेक्शन देऊन मारण्यात आले. फादर कोल्बे त्यांच्यापैकी एक होते. दारे उघडली नाहीत. तरी त्या तळघरात उपासमारीने जनावर होऊन मरावे, असा ज्यांचा बेत होता, त्यांचा तो बेत फसला. ते दहा जण माणसे म्हणून मेले.

आता कोणी विचारील, आणि विचारणे रास्त आहे, की गाण्याने नेमके होते काय? दुःख कमी होते का? की थोडा वेळ विसर पडतो एवढेच? विसरच पाडायचा असेल तर त्यासाठी आपल्या गावांत दुसरी दुकाने पुष्कळ आहेत.

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एका अनपेक्षित ठिकाणी सापडले. संत ऑगस्टीन आपल्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथाच्या अकराव्या भागात काळ म्हणजे काय, याचा विचार करीत आहेत. विषय अतिशय रूक्ष आणि अवघड. तो समजावून देण्यासाठी ते उदाहरण घेतात पाठ असलेल्या स्तोत्राचे. स्तोत्र म्हणायला सुरुवात करण्यापूर्वी ते संपूर्ण स्तोत्र माझ्या अपेक्षेत असते. म्हणता म्हणता त्यातला एकेक भाग मागे सरकून स्मरणात जातो. तोंडात असलेला शब्द या दोघांच्या मधे असतो. म्हणजे गाणारा माणूस एकाच क्षणात उभा नसतो. मागचे आणि पुढचे दोन्ही त्याने धरून ठेवलेले असते.

हे उदाहरण दुःखी माणसाला लावून पाहा. वेदनेचा मोठा जुलूम हा, की ती माणसाला एका क्षणात कोंडते. ज्याचे मूल गेले त्याला काल नसतो आणि उद्या नसतो. फक्त हा आताचा, न संपणारा क्षण असतो. निराशा म्हणजे दुसरे काय? आणि अशा माणसाने ओळखीच्या भजनाचे धृपद नुसते उचलले, तरी त्याच्या मनाला पुढच्या कडव्याची जाण असते. पुढे काही आहे, एवढे तरी त्याच्या जिभेला ठाऊक असते. मनाचा विश्वास बसायला पुढे महिने लागतील, पण जीभ आधी तेथे पोहोचलेली असते. गीत दुःख पुसत नाही. ते दुःखाची भिंत थोडी फोडते आणि कालचे व उद्याचे वारे आत येऊ देते.

म्हणूनच स्तोत्रसंहिता दुःख लपवीत नाही. तिच्यातील दीडशे स्तोत्रांपैकी बरीचशी गाऱ्हाणी आहेत. ८८ वे स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहते. इतर विलापगीतांप्रमाणे त्याच्या शेवटी स्तुतीची ओळ येत नाही. आणि गंमत अशी की ख्रिस्तसभेने ते गाळले नाही. दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत आम्हा धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना तेच स्तोत्र नेमून दिलेले आहे. आपला आठवडा बरा गेलेला असो की वाईट, त्या रात्री कोणातरी अंधारातल्या माणसाच्या वतीने आपण ते म्हणतो. १३७ व्या स्तोत्रात बाबेलच्या बंदिवासातले लोक आपली वाद्ये झाडांना टांगून ठेवतात आणि परक्या देशात कसे गावे, असे विचारतात. आता गाता येत नाही, ही तक्रारसुद्धा शेवटी गीत होऊनच आपल्यापर्यंत आली आहे. ‘फादर, प्रार्थना होत नाही, आवाजच फुटत नाही’ असे जे म्हणतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे. त्यांचे म्हणणेही स्तोत्रसंहितेत आहे.

पश्चिमेकडच्या ख्रिस्तसभेत सर्व लोकांनी मिळून गाण्याची प्रथा संकटातच कशी रुजली, हेही संत ऑगस्टीन यांनीच लिहून ठेवले आहे. इसवी सन ३८६ मध्ये मिलान शहरात राजमाता जस्टिना हिने महागुरुस्वामी संत अँब्रोज यांचा छळ मांडला होता. चर्च हिसकावून घेतले जाणार होते. तेव्हा आपल्या महागुरूंबरोबर मरायची तयारी ठेवून भाविक रात्रंदिवस चर्चमध्ये पहारा देत बसले. ऑगस्टीनची आई संत मोनिका त्यांत होती. लोक दुःखाने आणि शिणाने खचून जाऊ नयेत, म्हणून पूर्वेकडच्या चर्चप्रमाणे सर्वांनी मिळून स्तोत्रे व गीते गाण्याची पद्धत तेव्हा तेथे सुरू झाली. ती सणासुदीसाठी सुरू झाली नव्हती. बाहेर सैनिक उभे होते, म्हणून ती सुरू झाली.

आपल्या मराठी ख्रिस्ती जीवनाची गोष्ट याहून फार वेगळी नाही. जेसुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राशोल येथे १६१६ साली छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांचा तो ग्रंथ. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी मुखी धरायला काही नव्हते. ती पोकळी त्या इंग्रज धर्मगुरूने ओळखली आणि प्रवचनांचा ग्रंथ लिहिण्याऐवजी ओवी निवडली. ओवी म्हटली की पाठ होणे आलेच. आपल्या आज्या-पणज्यांना कुठे वाचता येत होते? पण जात्यावर बसल्या की पहाटेपर्यंत पुरेल एवढे त्यांच्या ओठांवर असे.

आणि आपल्या राहुरीचे काय? रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे काही काळ वास्तव्य राहुरीत होते, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. तरुणांनी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत, म्हणजे जुनी राहुरी डोळ्यांपुढे उभी राहील. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यानंतरची पाच-सहा वर्षे म्हणजे या जिल्ह्याच्या नशिबातली अत्यंत वाईट वर्षे. १८९६-९७ चा दुष्काळ, पाठोपाठ प्लेग, आणि १८९९-१९०० चा त्याहूनही भयंकर दुष्काळ. गावेच्या गावे उठून चालली होती. राहुरीत अमेरिकन मराठी मिशनचे डॉक्टर बॅलंटाईन रोग्यांची सेवा करीत होते. टिळक ना डॉक्टर, ना श्रीमंत. त्यांच्यापाशी देण्यासारखे होते ते गीत.

त्यांनी ते कसे दिले, हे पाहण्यासारखे आहे. त्या काळी मराठी चर्चमध्ये बरीचशी गीते परदेशी चालींवर बेतलेली, भाषांतर केलेली असत. शब्द मराठी, पण जिभेला परके. अशी गीते पुस्तक समोर असेपर्यंत चालतात. टिळकांनी अभंग, ओवी, भजन ही आपल्या मातीतली रूपे घेतली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते सांगत. टाळ, मृदंग, एकतारी यांवर बसणारे गीत शेतातून घरी येणाऱ्या माणसाला पाठ करावे लागत नाही. दोनदा ऐकले की त्याचेच होते. नगरकडचे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या कवी-कीर्तनकारांनी ही वाट आधीच पाडली होती, टिळकांनी तिचा हमरस्ता केला. आणखी एक गोष्ट आपण विसरू नये. हा कोकणस्थ ब्राह्मण घराण्यातला कवी ज्यांच्यासाठी लिहीत होता, त्यांतले बहुतेक लोक गावकुसाबाहेरचे होते. ज्यांची सावलीही गावाला चालत नव्हती, त्यांच्या मुखी त्याचे शब्द बसले. एका टाळेच्या ठेक्यावर दोघे एकत्र आले. पंगतीआधी भजनातच ही भिंत पडली, असे म्हटले तर चूक होणार नाही.

टिळक प्रोटेस्टंट पंथाचे आणि आपण कॅथोलिक, हे खरे. पण त्यांची भजने आपल्या कॅथोलिक चर्चमध्येही गायिली जातात, आणि मयताच्या घरी रात्र जागवताना कोणते भजन कोणाच्या पुस्तकातले, हे कोणी विचारीत नाही. एकतेविषयी मोठमोठ्या सभा होतात. ती सामान्य माणसाने भजनात केव्हाच साधली आहे. १९१९ साली टिळक गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पतीच्या पश्चात ते हाती घेतले आणि त्यात अध्यायांमागून अध्यायांची भर घातली. ज्याचा आवाज थांबला त्याचे गाणे दुसऱ्याने उचलायचे, ही भजनाची रीतच आहे.

आपल्या कॅथोलिक मिशनचीही एक आठवण येथे सांगावीशी वाटते. आपल्याच तालुक्यातील केंदळ येथे १९०३ साली जर्मन जेसुइट फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ मासिक सुरू केले. या भागातील खेड्यापाड्यांत जर्मन धर्मगुरू अपार कष्ट घेत होते. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, जर्मनी हे ब्रिटिशांचे शत्रुराष्ट्र ठरले, आणि जर्मन धर्मगुरूंना नजरकैदेत ठेवून पुढे मायदेशी पाठवण्यात आले. गावोगावचे कोवळे ख्रिस्ती समाज मेंढपाळावाचून उरले. दर रविवारी प्रत्येक गावात मिस्सा होणे शक्यच नव्हते. अशा वेळी समाजाजवळ काय उरते? फादर नेता येतात, चर्चला कुलूप लावता येते, पुस्तके कसर खाते. मुखी असलेले कोणाला जप्त करता येत नाही. पाठ झालेली प्रार्थना, जपमाळ आणि गीत, एवढ्यावर माणसांना दिवस काढावे लागले, आणि श्रद्धा टिकली. आज आपण येथे बसलो आहोत हाच तिचा पुरावा.

तशी वेळ आपणही पाहिली. मार्च २०२० मध्ये चर्चची दारे बंद झाली. त्या वर्षी १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण रिकाम्या बाकांपुढे साजरा झाला. राज्यातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली, आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. या दीड वर्षात अनेक कुटुंबांनी आपले माणूस गमावले, आणि त्या माणसासाठी रात्रभर भजन झाले नाही, दफनभूमीत चार ओळी म्हणायला चार माणसे जमू शकली नाहीत. ही जखम अजून भरलेली नाही. आम्ही घरोघरी जातो तेव्हा लोक आजाराविषयी फारसे बोलत नाहीत. ‘फादर, त्यांच्या मातीला गाणं झालं नाही’ हे मात्र सांगतात. ज्या समाजाला मातीला गाणे न झाल्याचे एवढे दुःख होते, त्या समाजाला भक्तिगीताचे मोल शिकवण्याची गरज नाही, असे तेव्हा वाटले.

आता वाटते, थोडी गरज आहे. कारण दारे उघडली तरी गाणे पूर्वीसारखे परतले नाही. मयताच्या घरी आता ब्लूटूथचा स्पीकर असतो. मोबाइलवर लावलेली गीते सुरेल असतात, गायक कसलेले असतात, आणि सारी माणसे गप्प बसलेली असतात. चर्चमध्ये कॉयर माइकवर गाते, बाकीचे ऐकतात, आणि प्रोजेक्टरच्या पडद्यावर शब्द दिसतात म्हणून ते पाठ करण्याचे कोणाला कारण उरत नाही. लाइट गेली की गाणे थांबते! राहुरीत लाइट किती वेळा जाते, हे काही आम्ही सांगायला नको. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याचा सहावा अध्याय संपूर्णपणे संगीताला वाहिलेला आहे. लोकांना त्यांच्या वाट्याचे गायन करता यावे, हे पाहण्याची जबाबदारी तो धर्मगुरूंवर टाकतो, आणि प्रत्येक देशाच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मान देण्यास सांगतो. कॉयर लोकांच्या ऐवजी गाण्यासाठी नसते, लोकांना गाते करण्यासाठी असते. आपल्या कॉयरमधील मुले-मुली मेहनती आहेत, त्यांच्यावर हा रोख नाही. पण ज्या रविवारी त्यांचा आवाज लोकांच्या आवाजात बुडून जाईल, तो रविवार त्यांच्या यशाचा समजावा.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली संत ऑगस्टीन यांचीच. मिलानच्या चर्चमध्ये गीते ऐकून ते रडले होते, पण पुढे त्यांना शंका छळू लागली की आपण शब्दांच्या अर्थाने हलतो की नुसत्या गोड सुराने? गायिलेल्या गोष्टीपेक्षा गाणेच मला अधिक हलवते, तेव्हा माझे चुकते, असे ते मानत. तरीही दुबळ्या मनाला आधार मिळतो म्हणून चर्चमधील गायनाला त्यांनी अखेर अनुकूलताच दाखवली. आजकाल सिनेमाच्या चालींवर भक्तिगीते बसवण्याची हौस आहे. चाल कानात शिरते आणि तिच्याबरोबर मूळ सिनेमाही शिरतो. याविषयी फार लिहीत नाही. समजणाऱ्यांनी समजून घ्यावे.

दुसरी अधिक कठोर आहे. आमोस संदेष्ट्याच्या तोंडून देवाने आपल्या लोकांना बजावले होते की तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापासून दूर न्या, आणि न्याय पाण्यासारखा वाहू द्या. उपाशी माणसापुढे नुसते भजन म्हणणे हा देवाचा अपमान आहे. टिळकांचे गीत राहुरीत घुमले, तेव्हा शेजारी डॉक्टर बॅलंटाईन यांचे औषधही होते. आपल्या नगर जिल्ह्यात स्विस जेसुइट फादर हर्मन बाखर यांनी ओसाड डोंगरउतारांवर पाणी अडवून जिरवण्याचे काम उभे केले. २०२१ साली ते प्रभूघरी गेले. दुष्काळी माणसासाठी चर खणणे हेही एक स्तोत्रच आहे. शेजाऱ्याच्या दारात सावकार उभा असताना आपण चर्चमध्ये उंच सुर लावीत असू, तर आमोसचा शब्द आपल्यासाठी आहे. पण याचा अर्थ गाणे सोडावे असा नव्हे. चर खणणाऱ्या हातांनाही दम लागतो, आणि गावात गाणे असेल तर खणणे लांबपर्यंत चालते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारा.

आजारी आणि वृद्ध भाविकांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी आम्ही घरी जातो. काहींची स्मृती गेलेली असते. मुलाचे नाव आठवत नाही, सुनेला ओळखत नाहीत, फादर आले हेही कळत नाही. अशा वेळी आपण त्यांच्या कानाशी जुन्या भजनाचे धृपद हळू म्हणावे. पुष्कळदा ओठ हलू लागतात. कधी तर सबंध कडवे बाहेर पडते, आमच्याहूनही बिनचूक. सारे घर थक्क होऊन पाहत राहते. आयुष्याची सगळी सामग्री हातून गेल्यावर त्या माणसाजवळ जे उरले, ते साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोणीतरी चुलीपाशी बसून त्याला शिकवलेले असते.

आपल्या मुलांजवळ त्या वयात काय उरणार आहे, हा आमचा प्रश्न आहे. शाळेच्या परीक्षेसाठी ती पानेच्या पाने पाठ करतात आणि जूनमध्ये विसरतात. वर्षभरात दोन स्तोत्रे आणि चार भजने पाठ करणे त्यांना जड नाही. फक्त त्यांच्यासमोर कोणीतरी ती पुस्तकाशिवाय गायिली पाहिजेत. रात्री जपमाळ झाली की दिवे मालवून एक भजन म्हणा. आवाज चांगला नाही, ही सबब कोणी सांगू नये. फिलिप्पैच्या तुरुंगात संत पौलांचा आवाज कसा होता, हे शास्त्रात कुठे लिहिलेले नाही.

धर्मग्रामातील ज्या घरांत जुनी हस्तलिखित भजनांची वही असेल, त्यांनी ती कृपया पुढील रविवारी मिस्सेनंतर दाखवण्यासाठी आणावी. अनेक चाली कागदावर नाहीत. त्या जाणणाऱ्या आजी-आजोबांना घेऊन या, चालवत नसेल तर सांगा, कॉयरची मुले तुमच्या घरी येतील. पेटी आणि टाळ बरोबर आणतील. प्रोजेक्टर आणणार नाहीत.